मोठ्या पन्ह्याचे कापड : केवळ गोधडीच्या पाठीपुरते नव्हे

गोधडीकडे पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या दर्शनी बाजूवर जाते. रंगीत ठिगळांची मांडणी, जुन्या लुगड्याचा ओळखीचा काठ, एकाआड एक धावणाऱ्या टाक्यांच्या रांगा यांचे कौतुक होते. पाठीकडच्या कापडाची चौकशी फारसे कोणी करीत नाही. वास्तविक गोधडी किती टिकणार, धुतल्यावर तिचा आकार राहणार की बिघडणार आणि शिवणाऱ्या हाताला किती कष्ट पडणार, हे बहुतांशी या दुर्लक्षित कापडावरच ठरते. त्यातला पहिला प्रश्न असतो पन्ह्याचा.

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी ओलांडून चाकणकडे जाताना कुरुळी लागते. खेड तालुक्यातील हे गाव आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांना जोडणाऱ्या औद्योगिक पट्ट्याचा भाग बनले आहे. चाकण परिसरात १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्यांच्यामागोमाग सुटे भाग पुरविणारे उद्योग आले आणि राज्याच्या इतर भागांतून कामगारांचा ओघ या पट्ट्याकडे वळला. भाड्याच्या खोलीत संसार मांडताना पलंगाच्या आधी अंथरूण-पांघरूण येते, आणि गावाकडून येणाऱ्या गाठोड्यात गोधडी असते. दुसरीकडे, याच पट्ट्यातल्या यंत्रकामाच्या कारखान्यांना तेल-ग्रीस पुसण्यासाठी कापडाच्या चिंध्या वजनावर विकत घ्याव्या लागतात. जुन्या कापडाचे पुसणे करायचे की पांघरूण, हा येथे रोजचाच प्रश्न आहे. पांघरूण करायचे ठरले, तर त्या जुन्या, विरलेल्या कापडाला सांभाळणारे एक अखंड कापड हवे. मोठ्या पन्ह्याच्या कापडाचे महत्त्व येथून सुरू होते.

पन्हा कशाने ठरतो?

कापडाच्या दोन काठांमधील अंतर म्हणजे पन्हा. लांबी हवी तेवढी वाढविता येते, कारण तागा उलगडत जातो. पन्हा मात्र मागाच्या रुंदीने बांधलेला असतो. हाताने धोटा फेकून विणण्याच्या काळात विणकराच्या दोन हातांच्या पल्ल्यापेक्षा रुंद कापड एकट्याने विणणे अवघड होते. इंग्लंडमध्ये रुंद कापडाच्या मागावर दोन विणकर बसत. जॉन के याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा शोधून काढला आणि रुंद कापड एका माणसाच्या आवाक्यात आले. महाराष्ट्रात इचलकरंजीला विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धोट्याविना चालणारे माग जगभर पसरले, तेव्हा चादरींसाठी ९० आणि १०८ इंच पन्ह्याचे कापड मुबलक निघू लागले.

तरीही शिवणकामाचे नेहमीचे कापड ३६ किंवा ४४ इंच पन्ह्याचेच असते. दोघांच्या गोधडीला एवढा पन्हा पुरत नाही. मग दोन किंवा तीन पन्हे जोडावे लागतात आणि गोधडीच्या पाठीवर लांबलचक शिवण येते. ही शिवण म्हणजे कापडाचे दुहेरी-तिहेरी पदर. तेथे सुई अडते, टाका मोठा पडतो. शिवण बरोबर मध्यावर असेल, तर गोधडीची घडी नेहमी तिच्यावरच मोडते आणि कापड आधी तेथे विरते. म्हणून जाणत्या शिवणारणी मध्यावर जोड येऊ देत नाहीत. एक अखंड पन्हा मधोमध ठेवून दुसऱ्याचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना जोडतात. मोठ्या पन्ह्याचे कापड घेतले, की हा सारा खटाटोप वाचतो. पाठीसाठी ते लोकप्रिय झाले ते यामुळेच.

लुगड्याचा हिशेब

मात्र महाराष्ट्रातल्या गोधडीने ही अडचण पूर्वीच आपल्या परीने सोडविलेली होती. तिचे मोठे कापड म्हणजे नऊवारी लुगडे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे चार सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग ८१ इंचांचा, म्हणजे पावणेसात फुटांचा होतो. पन्हा ४५ इंच धरला आणि दोन-दोन भाग शेजारी जोडले, तर जवळपास ९० इंच रुंदीचे दोन पट तयार होतात. एका लुगड्यात गोधडीची पाठही निघते आणि दर्शनी बाजूही. आतल्या थरांना विरलेली लुगडी, धोतरे, सदरे असतात. कापूस भरलेल्या दुलईपेक्षा गोधडी वेगळी ठरते ती येथेच. तिची ऊब भरावाची नसते, एकावर एक आलेल्या वस्त्रांची असते.

या रचनेत ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. पाश्चात्त्य पद्धतीत ठिगळांचा दर्शनी पट आधी स्वतंत्रपणे जोडून पूर्ण करतात, मधे भराव घालतात आणि अस्तर शेवटी मागून येते. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. मोठे कापड आधी जमिनीवर अंथरले जाते. त्यावर जुन्या कपड्यांचे थर येतात, त्यावर ठिगळे कडा दुमडून ठेवली जातात आणि धावदोरा या सर्वांतून एकदमच आरपार जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात, तीही अशीच. पाठीला जुनी साडी, तिच्यावर तुकडे, आणि कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे सरकत जाणारे टाके. बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांचे पदर एकमेकांवर बसवितात आणि काठातून काढलेल्या रंगीत धाग्यांनी त्यांवर भरतकाम करतात. ‘कांथा’ हा शब्द ज्या संस्कृत ‘कन्था’वरून आला, त्याचा अर्थही ठिगळांचे वस्त्र असाच आहे.

म्हणजे गोधडीतील मोठे कापड हे मागून लावलेले अस्तर नव्हे. तो पाया आहे. ही दृष्टी ठेवली, की मोठ्या पन्ह्याचे कापड पाठीखेरीज इतरत्र वापरावे काय, या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पाया जेथे जेथे लागतो, तेथे तेथे ते वापरता येते.

पाठीपलीकडचे चार उपयोग

पहिला आणि सर्वांत मोलाचा उपयोग म्हणजे जीर्ण कापडाला आधार. आजीचे लुगडे किंवा आईची पहिली साडी गोधडीत घालावी, अशी अनेकांची इच्छा असते. परंतु तीस-चाळीस वर्षांचे सुती वस्त्र घड्यांवर विरलेले असते, रेशमी असेल तर चिरकत जाते. असे कापड एकट्याने टाक्याचा ताण सोसू शकत नाही; दोन-चार धुण्यांतच टाक्यांच्या रेषेवर फाटते. त्याच्या खाली दर्शनी बाजूलाही मऊ, मोठ्या पन्ह्याचे सुती कापड अखंड घातले, तर ताण ते कापड घेते आणि जुने वस्त्र त्यावर केवळ विसावते. या आधारपटात जोड नसणे महत्त्वाचे, कारण जोडाची जाडी वरच्या नाजूक कापडाला आतून घासत राहते.

दुसरा उपयोग काठाचा आणि गोटाचा. गोधडी प्रथम झिजते ती कडेला. तेथे लांब, अखंड पट्टी मिळाली तर काठ सरळ राहतो आणि टिकतो. अरुंद कापडातून अशा पट्ट्या काढताना दर वेळी जोड द्यावा लागतो. मोठ्या पन्ह्याच्या आडव्या पट्टीत गोधडीची एक पूर्ण बाजू निघते. सरळ कडेच्या गोधडीला सरळ पट्टीचा गोट पुरतो. कोपरे गोलाकार असतील तरच उरेब पट्टी कापावी, एरवी तिरप्या कापाने कापड वाया जाते.

तिसरा उपयोग दर्शनी बाजूच्या मोकळ्या जागांचा. सर्व ठिगळे भडक असली तर नजर कोठेच ठरत नाही. पाठीचेच साधे कापड ठिगळांमध्ये पेरले, तर रंगांना उसंत मिळते आणि दोन्ही बाजूंचे नाते जुळते. लहान मुलाच्या दुपट्याला तर वरखाली हेच कापड घेऊन मधे एखादाच जुना तुकडा बसविणे पुरेसे होते. अंगाला लागणारा जोड त्यात उरत नाही.

चौथा उपयोग आतल्या थराचा. उन्हाळ्यात पांघरायची हलकी गोधडी करायची असेल, तर जुन्या कपड्यांच्या अनेक थरांऐवजी या कापडाचा एकच थर मधे घालता येतो. तुकड्यांचा थर टाक्यांच्या अधेमधे सरकून गोळा होण्याची भीती असते. अखंड थर जागचा हलत नाही.

सव्वादोन मीटरचा हिशेब

हे सारे प्रत्यक्षात कसे जमते, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब अशी एकाची गोधडी शिवायची आहे. पाठ चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त हवी, म्हणजे ६६ बाय ९६ इंच. त्यासाठी १०८ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड आणले. धुतल्यावर ते चार टक्के आटले आणि दोन्ही काठ कापून टाकले, तरी सुमारे ८५ बाय १०२ इंच कापड हाती राहते.

गोधडीची लांबी पन्ह्याच्या दिशेने धरून पाठ कापली, की दोन पट्टे उरतात. एक १९ इंच रुंद आणि १०२ इंच लांब, दुसरा ६ इंच रुंद आणि ६६ इंच लांब. मोठ्या पट्ट्यातून अडीच इंची चार पट्ट्या काढल्या तर ४०८ इंच गोट मिळतो. गोधडीचा परीघ ३०० इंच आहे; कोपरे आणि जोड धरूनही तो पुरून उरतो. राहिलेल्या नऊ इंचांत साडेचार इंची दोन पट्ट्या बसतात. त्या दोन्ही लांब बाजूंचा काठ होतात, एकही जोड न देता. लहान पट्ट्याचे दोन भाग डोक्याकडच्या आणि पायाकडच्या काठाला जातात. पाठ, गोट आणि चारी काठ एकाच कापडातून निघतात, आणि काठाच्या प्रत्येक पट्टीचे धागे पाठीच्या धाग्यांच्याच दिशेने धावतात. त्यामुळे पुढे कापड थोडे आटले, तरी दोन्ही बाजू बरोबरीने आटतात आणि कड मुरडत नाही.

मात्र मोठा पन्हा म्हणजे नेहमीच स्वस्ताई, असे समजू नये. हीच पाठ ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून दोन पन्हे जोडून केली, तर सुमारे पाच मीटर दहा सेंटिमीटर कापड लागते. क्षेत्रफळाने पाहता ते मोठ्या पन्ह्याच्या सव्वादोन मीटरपेक्षा किंचित कमीच भरते. दुकानात मीटरचा भाव पाहून तुलना केली, की फसगत होते. १०८ इंचांचा पन्हा ४४ इंचांच्या जवळजवळ अडीचपट आहे. म्हणून मोठ्या पन्ह्याचा मीटरचा भाव अडीचपटीपर्यंत असेल, तर कापड त्याच किमतीचे आहे. त्याहून अधिक मागितले, तर तो वाचलेल्या शिवणीचा मोबदला समजावा आणि आपल्याला तो परवडतो का, हे ठरवावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण अंथरूण शिवण्याच्या आधीही लागू पडते.

कापड निवडताना

मोठ्या पन्ह्याचे सर्वच कापड गोधडीच्या कामाचे नसते. बाजारात येणारे पुष्कळसे कापड चादरीसाठी विणलेले असते आणि चादरीचे गुण गोधडीला नेहमी मानवत नाहीत. घट्ट विणीच्या चादरीत ताणा आणि बाणा मिळून चौरस इंचात दोनशेहून अधिक धागे असतात. अंगाला ती गुळगुळीत लागते, पण हाताच्या सुईला ती सोडत नाही. विकत घेण्यापूर्वी कापडाच्या कडेला सुई टोचून पाहावी. ती विनासायास आरपार गेली पाहिजे. तीन थरांतून दिवसभर सुई ओढणाऱ्या बोटांना हा फरक संध्याकाळी कळतो.

दुसरी परीक्षा तंतूची. पॉलिएस्टरमिश्रित कापड आटत नाही, लवकर सुकते, रंगही धरून ठेवते. परंतु ते घाम कमी शोषते आणि सुती थरांवरून सरकते. पाठ न आटणारी आणि दर्शनी बाजू आटणारी, अशी जोडी जमली तर पहिल्या धुण्यातच गोधडीला सुरकुत्या पडतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन धागे चिमट्यात धरून जपून जाळावेत. सूत कागदासारखा वास देत जळते आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

तिसरी गोष्ट आटण्याची. कोरे सुती कापड तीन ते पाच टक्के आटू शकते. चार टक्के धरले, तरी १०८ इंचांतून सव्वाचार इंच कमी होतात. मांजरपाट आणि खळ दिलेले कापड याहूनही अधिक आटते. म्हणून कापड कापण्यापूर्वी धुवावे, पिळून न काढता वाळवावे आणि मगच मापे घ्यावीत. आधीच धुऊन आटून गेलेल्या जुन्या लुगड्यावर कोरे कापड न धुता लावणे ही सर्वांत महागात पडणारी घाई ठरते. गडद रंगाच्या कापडाचा रंग जातो का, हेही याच वेळी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे.

चौथी गोष्ट धाग्याच्या सरळपणाची. रुंद कापड गुंडाळताना आणि इस्त्री होताना आडवे धागे तिरके होण्याचा संभव असतो. दुकानातली कात्री घडीच्या रेषेने चालते, धाग्याच्या रेषेने नव्हे. घरी आणल्यावर टोकाचा एक आडवा धागा ओढून त्या रेषेवर कापावे, किंवा कापड साधे सुती असल्यास फाडून घ्यावे. काठ मात्र कापूनच टाकावेत. त्यांची वीण दाट असते, ते उरलेल्या कापडाइतके आटत नाहीत आणि सुईलाही अडवितात.

नवे कापड घेणे शक्य नसेल, तर दोघांच्या पलंगाची जुनी चादर हेही मोठ्या पन्ह्याचेच कापड आहे. ती मध्यभागी विरलेली असते, कडेला मात्र धड असते. लुगडे मधे विरले, की तेवढा भाग काढून टाकून दोन धड टोके जोडण्याची, म्हणजे दंड घालण्याची रीत घरोघरी होती. तीच रीत चादरीलाही लागू होते. विरलेला भाग बाजूला काढावा. कडेच्या धड भागांतून काठ, गोट आणि मधला थर सहज निघतो.

सोय आणि आठवण

या कापडाच्या सोयीला दुसरी बाजूही आहे. पाठ अखंड, काठ अखंड, मधला थर अखंड असे होत गेले, तर दर्शनी बाजूही अखंड करण्याचा मोह होतो. काम झटपट होते, गोधडी नीटनेटकी दिसते आणि तिच्यातून घर हळूहळू नाहीसे होते. एखाद्या सदऱ्याचा खिसा, लुगड्याचा पदर, शाळेच्या गणवेशाचा तुकडा यांच्या जागी दुकानातले एकरंगी कापड येते. तेव्हा ती उबदार चादर होते. गोधडी राहत नाही. अंगावरच्या गोधडीसारख्या ठिगळांच्या वस्त्रामुळे गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. टाकून दिलेल्या कापडालाही प्रतिष्ठा असते, हा विचार या मातीला नवा नाही.

प्रश्न शिवणाऱ्या हातांचाही आहे. शहरात मागणीनुसार गोधडी शिवून देणारीला मोबदला मिळतो तो दिसणाऱ्या टाक्यांचा. पाठीचे पन्हे जोडणे, शिवण दाबून बसविणे, विरलेल्या तुकड्यांच्या कडा वळविणे ही कामे कोणी मोजत नाही. मोठ्या पन्ह्याचे कापड यांपैकी काही कष्ट कमी करते. वाचलेला वेळ टाक्यांना मिळाला, तर गोधडी अधिक टिकते. ग्राहकाने मात्र दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. कापड धुऊन द्यायचे कोणी, आणि उरलेल्या पट्ट्या कोणाच्या? वरच्या उदाहरणात पाहिले त्याप्रमाणे त्या पट्ट्यांतून चारी काठ आणि गोट निघतो. म्हणजे ती निव्वळ कात्रणे नव्हेत.

मोठ्या पन्ह्याच्या कापडाची खरी जागा या दोहोंच्या मधे आहे. जेथे ताण पडतो, झीज होते, जोड बोचतो, तेथे ते अखंड असावे. जेथे आठवण आहे, तेथे त्याने मागे राहून जुन्या कापडाला धरून ठेवावे. नऊवारी लुगडे नेसणे कमी होत गेले, तसा गोधडीचा पूर्वीचा पायाही घरांतून कमी होत चालला आहे. त्या लुगड्याने केलेले काम आता कुरुळीसारख्या गावातल्या भाड्याच्या खोलीत दुकानातून आणलेल्या सव्वादोन मीटर कापडाला करावे लागेल. ते नीट धुतलेले, सरळ कापलेले आणि सुईला सोडणारे असले, तर त्याच्या आधाराने चाळीस वर्षांचे जुने लुगडेही पुढच्या पिढीच्या अंगावर येऊ शकेल.